पहिला पत्ता

अप्पांच्या लॅपटॉपला अलीकडे एक खोड लागली होती. कुठलंही नवं पान उघडायला सांगितलं की स्वारी आधी बैठक मारायची. पडद्यावरचं वर्तुळ फिरत राहायचं, अप्पांच्या कपातला चहा निम्म्यावर यायचा, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पान फाडकन उघडायचं. एकदा उघडलं की त्या साइटवर कुठेही हिंडा, घोडं चौखूर. दुसरी साइट मागितली की पुन्हा बैठक.

अप्पांनी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्टिंग विभागात काढली होती. लाइन मेलीय म्हणून लोक कावलेले असायचे, आणि हे कानाला रिसीव्हर लावून शांतपणे बिघाड नेमका कुठे आहे ते हुडकायचे. रिटायर झाले, मग बायको गेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बिघाडायला फारसं काही उरलं नाही. त्यामुळे लॅपटॉप अडखळायला लागल्यावर अप्पांना राग यायच्या ऐवजी चक्क हुरूप आला.

सल्ले द्यायला मात्र गाव लोटला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने लॅपटॉप उचलून पाहिला, पालथा केला, आणि हवामान सांगावं तसं सांगितलं, "म्हातारा झालाय, काका. नवीन घ्या." लेकीला फोन केला तर तीही तेच म्हणाली.

"अप्पा, किती वर्षं झाली त्याला! मी बघते, ऑफरमध्ये एखादा मिळाला तर."

"म्हातारा असता तर सगळंच हळू चाललं असतं," अप्पा म्हणाले. "हा फक्त सुरुवातीलाच अडतो. हा बिघाड वेगळा आहे."

"बरं, बसा शोधत," लेक हसली. "तेवढाच वेळ जाईल तुमचा."

अप्पा बसले शोधत. आधी लाइन तपासायची, हा जुना शिरस्ता. समोरच्या दारात एक नर्स राहायची. तिची रात्रपाळी संपून झोप झाल्यावर दुपारी तिला बोलावलं आणि तिचा मोबाइल आपल्या वायफायला जोडायला लावला. तिच्या मोबाइलवर साइटी पटापट उघडल्या. म्हणजे लाइन ठणठणीत. मग वायफाय बाजूला ठेवून लॅपटॉपला थेट वायर लावली, अडखळणं तसंच. म्हणजे हवेतही दोष नव्हता. दुसरा ब्राउझर घातला, तोही तसाच. शेवटी अप्पांनी साइटचं नाव न देता तिचा नुसता आकडी पत्ता दिला आणि हाक मारून पाहिली. उत्तर चुटकीसरशी आलं. नाव दिलं की मात्र पुन्हा शुकशुकाट.

"सापडलं!" अप्पा एकटेच मोठ्याने म्हणाले. नाव सांगून नंबर विचारायचा, ती चौकशीची खिडकीच ढिम्म होती. पुढची सगळी यंत्रणा बिचारी तयार उभी होती.

इंटरनेट देणाऱ्या कंपनीला त्यांनी फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक मुलगा लाइनवर आला. अप्पांनी काय काय तपासलं ते सांगितल्यावर त्याचा पढवलेला सूर गळाला आणि तो माणसासारखा बोलायला लागला.

"सर, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जा. डीएनएस असं लिहिलेलं दिसेल. तिथे काय आहे?"

"दोन पत्ते आहेत." अप्पांनी वाचून दाखवले.

"दुसरा आमचा आहे. पहिला आमचा नाही, सर."

"मग कुणाचा?"

"ते इथून नाही सांगता येणार. पण तो आपोआप येत नाही, कुणीतरी हाताने घातलाय. ते मशीन आता बंद असणार. तुमचा लॅपटॉप प्रत्येक नाव आधी तिकडे विचारतो, वाट बघतो, कंटाळतो, आणि मग आमच्याकडे येतो. पहिला पत्ता काढून टाका, झालं."

अप्पांनी पत्ता काढला. समोर पान असं उघडलं की त्यांना क्षणभर खुर्चीत ताठ बसावंसं वाटलं. काखेत कळसा नि गावाला वळसा. पण वळसा घालायलाही मजा आली होती.

"एक विचारू?" ते म्हणाले. "ते मशीन चालू असताना काय होत असेल?"

"काहीच कळलं नसतं, सर. उत्तर लगेच मिळालं असतं. पण त्याच्या मालकाने एखादी साइट बंद करून ठेवली असेल तर ते सांगणार, असं नावच अस्तित्वात नाही. आणि एकदा तसं ठाम उत्तर आलं की लॅपटॉप दुसरीकडे विचारायलाच जात नाही. घरात लहान मुलं असतील तर लोक लावतात असं. तुमच्याकडे आहेत का?"

"नाहीत," अप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. या लॅपटॉपला हात लावणारी माणसं दोनच. एक ते स्वतः, आणि दुसरी लेक. गेल्या वर्षी एका रविवारी तिने तो मांडीवर घेऊन "जरा साफसफाई करून देते, व्हायरसबियरस नको" म्हणून तासभर काहीबाही केलं होतं. आणि अस्तित्वात नसलेलं नाव म्हणाल, तर तेही अप्पांना एकच माहीत होतं.

बायको जाऊन वर्ष उलटलं तेव्हा उतारवयातल्या एकट्या माणसांसाठी असलेल्या एका साइटवर त्यांनी नाव नोंदवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? बाप या वयात सोबत शोधतोय? स्वतःची माहिती लिहिताना त्यांनी 'जिवनात आता घाई नाही' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा निरोप आला: 'घाई नाही हे छान. पण जीवनातला जी दीर्घ असतो. एवढा मोठा शब्द आखडता घेऊ नका.' बाई छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासत होत्या. साइटवर त्यांनी आपलं नावही 'मुद्रितशोधक' एवढंच ठेवलं होतं.

अप्पा त्या दिवशी भांडी घासताना एकटेच हसले होते. मग लिहिणं सुरू झालं. बाई लिहायच्या त्यात लाडीगोडी औषधालाही नसायची. छापखान्यातला एक मालक, ज्याला स्वतःच्या नावातली वेलांटी कुठली ते ठाऊक नव्हतं, बाईंचे दुखरे गुडघे, जिन्यातली मांजर. अप्पा त्यांना एक्स्चेंजमधले किस्से लिहायचे, आणि पाठवण्यापूर्वी प्रत्येक शब्द दोनदा बघायचे. फोन नंबर द्यायचा नाही, आधी भेटायचं, मग आवाज, असा बाईंचा नियम होता. शेवटी भेटायचं ठरलं. जागा आणि वेळ त्या कळवणार होत्या.

आणि त्याच आठवड्यात साइट उघडेनाशी झाली. 'असा पत्ता सापडत नाही.' अप्पांनी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, पंधरवडाभर पाहिलं. त्यांच्याकडचा फोन बटणांचा, दुसरीकडून बघायची सोय नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर, शेजारी कॉलेजची पोरं बसलेली असताना, असलं काही उघडायची छाती झाली नाही. शेवटी लाज गिळून त्यांनी लेकीलाच विचारलं होतं.

"एक साइट उघडत नाहीये गं. जुने रेडिओ दुरुस्त करण्याची."

"बंद पडली असेल, अप्पा," लेक म्हणाली होती. तिचा आवाज जराही हलला नव्हता. "अशा साइटी येतात नि जातात. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

अप्पांनी आता ते नाव टाइप केलं. एक अक्षर चुकलं, पुसून पुन्हा लिहिलं. साइट उघडली. तोच निळा मथळा, तीच कोपऱ्यातली पणतीएवढी घंटा, आणि घंटेवर लाल ठिपका. साइट एक दिवसही बंद नव्हती.

बाईंचे निरोप ओळीने पडून होते.

'गुरुवारी चार वाजता. ग्रंथालयाच्या मागच्या दाराशी बाक आहे, तिथे. माझ्या हातात राखाडी छत्री असेल.'

'मी सहापर्यंत होते.'

'तब्येत बरी आहे ना? एका शब्दाने कळवा.'

मग बऱ्याच दिवसांनी: 'तुम्ही आजारी असाल असं समजून मी थांबले. आता तसं समजता येत नाही. नको असेल तर नको म्हणायचं. दोन अक्षरांचा शब्द आहे, त्यात ऱ्हस्व-दीर्घाचीही भीती नाही.'

आणि शेवटचा: 'मी हे खातं बंद करते आहे. बहिणीकडे राहायला जाते. तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल, आणि खोटं छापू द्यायची मला सवय नाही.'

खाली राखाडी अक्षरांत साइटची सूचना होती: या सदस्याला आता निरोप पाठवता येणार नाही.

अप्पा ग्रंथालयात दर आठवड्याला जायचे. तो बाक त्यांना माहीत होता. त्याचं एक फळकूट निखळलेलं होतं, आणि त्यामुळे बसणाऱ्याला एका कडेला सरकून बसावं लागायचं.

त्यांनी त्या मशीनचा पत्ता एका चिठोऱ्यावर उतरवून घेतला, कपडे बदलले आणि बस पकडली.

दार जावयाने उघडलं. "अरे, अप्पा! आज वाट चुकलात?" तो स्वभावाने गमत्या होता. अप्पा हसले नाहीत तेव्हा त्याने मागे पाहून बायकोला हाक मारली. लेक नुकतीच ऑफिसातून आली होती, केस वर बांधत बाहेर आली. एका मोठ्या कंपनीचे संगणक सुरक्षित ठेवणं हे तिचं काम, आणि त्या कामात तिचा शब्द चालायचा.

"काय झालं? फोन नाही केलात?"

अप्पांनी चिठोरं पुढे केलं. "हा पत्ता कुणाचा, विचारायला आलो."

लेकीने आकडे वाचले. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

टेबलाशी नात अभ्यास करत होती. तिने आईच्या हातात डोकावून पाहिलं. "ए, हे आपल्या त्या डब्याचं ना? जो आम्ही भांडून बंद करायला लावला?" मग तिला काहीतरी सुचलं आणि ती खळखळून हसली. "आजोबा, तुम्हालापण लावला होता? तुम्हीपण आमच्याच यादीत?"

"तू आत जा," लेक म्हणाली.

"पण मी फक्त…"

"आत जा म्हटलं ना!"

जावईही पोरीच्या मागोमाग आत गेला, आणि जाताना दार ओढून घेतलं. अप्पा उभेच होते. लेकीने खुर्ची सरकवली, ते बसले नाहीत.

"तो सगळ्यांसाठी होता, अप्पा. घाणेरड्या जाहिराती, फसवाफसवी, सगळं अडतं त्याने. मुलांचा लावला, तेव्हाच तुमचाही लावला. मुलांनी फार कटकट केली म्हणून मागच्या आठवड्यात काढून ठेवला."

"मुलांचा काढलास. माझा?"

"लक्षातच आलं नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. अप्पांना ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

"आणि ती साइट?"

"कुठली?"

"रेडिओ दुरुस्तीची," अप्पा म्हणाले.

लेकीने मान खाली घातली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. "हो, केली मी बंद. त्या डब्याच्या पडद्यावर दिसतं, कोण कुठली साइट बघतंय ते. नुसती नावं दिसतात, आत काय लिहिलंय ते नाही दिसत. तुम्ही काय लिहायचात ते मी कधी वाचलेलं नाही."

"उपकार झाले."

"अप्पा, आईचे कपडे अजून कपाटात होते! मी ते नाव पाहिलं आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. शिवाय तुम्हाला कल्पना नाही तिथे कसली माणसं असतात. माझ्या कामात मी रोज बघते. गोड बोलून म्हाताऱ्या माणसांना धुऊन नेतात. तुम्ही असे भोळे…"

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता. बोललातच की!"

"बोललो," अप्पा म्हणाले. "मला लाज वाटली म्हणून बोललो. तू कशासाठी बोललीस? मी इथे, तुझ्यासमोर, साइट उघडत नाही म्हणून विचारत होतो. आणि तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, मनाला लावून घेऊ नका."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्या पाण्यापुढे अप्पांचं काही चालायचं नाही. आजही तिच्या पाठीवरून फिरवायला त्यांचा हात पुढे झाला होता, पण तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"एक बाई बाकावर दोन तास बसून होती," ते म्हणाले. "मी आलो नाही म्हणून."

"मला काय माहीत ते!"

"तुला नव्हतंच माहीत. मला माहीत असायला हवं होतं."

आतून नातीचं आणि तिच्या बापाचं दबक्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मग लेकीने नाक पुसलं आणि एकदम कामाला लागल्यासारखी म्हणाली, "मी लिहू का त्यांना? त्या साइटच्या लोकांकडून शोधून काढते. सांगते, चूक माझी होती."

"म्हणजे मी काय करू? शाळेतल्या पोरासारखी पालकांची चिठ्ठी घेऊन जाऊ?"

चहा न घेताच ते निघाले. परक्याने केलं असतं तर चार माणसांत ओरडता आलं असतं. इथे आपलेच दात नि आपलेच ओठ. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, "पुढचा थांबा कुठला?" तर अप्पांना रोजच्या रस्त्यावरचा थांबाही सांगता आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साइटच्या कचेरीला सगळी हकिगत लिहिली. लेकीचा उल्लेख आला तिथे 'घरातल्या एका यंत्रामुळे' असं लिहिलं. बापाला तेवढं झाकावंसं वाटलंच. कुणाचा पत्ता देता येत नाही, पण तुमचा मजकूर त्यांना पाठवू, असं उत्तर आलं. मग काहीच आलं नाही. अप्पा सकाळ-संध्याकाळ बघायचे. पानं आता क्षणात उघडत होती, त्यामुळे काही आलेलं नाही हेही क्षणात कळायचं.

महिना लोटल्यावर कचेरीमार्फत चार ओळी आल्या.

'तुम्ही लिहिलंत ते खरं असेल. यंत्राचं मला कळत नाही, पण खोटं रचणारा माणूस इतके बारकावे लिहीत नाही. तरी मी त्या बाकावर बसले होते ते आता पुसता येत नाही. सहा वाजता वॉचमन म्हणाला, आजी, कुणी येणार होतं का? मी म्हटलं, नाही. त्यानंतर वाट बघायची माझी तयारी उरली नाही. बहिणीचं घर बरं आहे. प्रकृतीला जपा.'

अप्पांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं, आणि 'आपण' या शब्दाच्या पुढे त्यांना काही सुचेना. शेवटी तेही पुसलं.

रविवारी ते लेकीकडे जेवायला गेले. मधले रविवार काही ना काही सबब सांगून टाळले होते, पण किती टाळणार? लेकीने त्यांच्या आवडीचं सगळं केलं होतं आणि वाढताना ती फार बोलत होती. जावयाने नेहमीचे विनोद केले. नात तिच्या शाळेतलं काहीतरी सांगत होती, अप्पा तिच्याकडे बघून हसत होते.

निघताना लेक दारापर्यंत आली. "त्या बाईंचं काही कळलं?" तिने हळूच विचारलं.

"माझ्या घराची किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की. का?"

"ती दे."

"अप्पा, तुम्ही एकटे असता. कधी पडलात-बिडलात, दार आतून बंद असलं, तर?"

"समोरच्या नर्सला देऊन ठेवतो एक."

"नर्सला? परक्या बाईला? आणि मला नाही?"

"ती बेल वाजवून आत येते," अप्पा म्हणाले.

लेकीने जुडगा आणला. त्यातून ती किल्ली सुटता सुटेना, कडी घट्ट होती. ती नखाने कडी ताणत राहिली. जावई मदतीला पुढे आला, तिने त्याला कोपराने मागे सारलं. शेवटी किल्ली निघाली. तिने ती अप्पांच्या हातात दिली नाही. चपलांच्या कपाटावर ठेवली आणि आत निघून गेली.

अप्पांनी किल्ली उचलली. जिना उतरताना त्यांना वाटलं, मागे दार उघडेल, लेक हाक मारेल. आणि तिने हाक मारली तर आपण वर जाऊ, याचीही त्यांना खात्री होती. खालच्या पायरीवर ते उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले. वर कुणीतरी नळ सोडला, भांड्यांचा आवाज सुरू झाला. मग ते उठले आणि थांब्याकडे चालू लागले.